सूर किती सेकंद टिकतो

मी रंगाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. रंग डब्यात भरायच्या आधी त्याचा एक हात पत्र्यावर मारायचा, स्टॉपवॉच लावायचं, ठरलेल्या वेळेने अंगठा टेकवून बघायचा आणि कागदावर लिहायचं, पास किंवा नापास. नवी मुंबईत शिरवणे गावाच्या पलीकडे कारखान्यांचा जो पट्टा आहे, तिथे मी अठ्ठावीस वर्षं हेच केलं. माझ्या सहीशिवाय फाटकातून एक डबा बाहेर पडत नसे, आणि याचा मला जेवढा अभिमान होता तेवढा मालकाला कारखान्याचाही नसावा. पण अशी सवय एकदा लागली की ती फाटकाशी थांबत नाही. घरी मी आंबे तपासायचो, सोसायटीच्या टाकीचं पाणी तपासायचो, मुलीला सांगून आलेली स्थळं तपासायचो. बायको म्हणायची, "देवळात गेलात तर देवालाही अंगठा लावून बघाल तुम्ही." मी हसायचो. ती थट्टा करतेय असंच मला वाटायचं.

त्यात मला पेटी वाजवता यायची. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, तसं झालं. आमच्या कारखान्यातला फोरमन मूळचा शिरवण्याचा. गावच्या भजनी मंडळात तो पखवाज वाजवायचा, आणि त्यानेच मला पेटीवर बसवलं. दर शनिवारी संध्याकाळी शिरवण्याच्या देवळात आमचं भजन असे. मी नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहणारा देशावरचा माणूस, पण गावाने मला मास्तर म्हणायला सुरुवात केली होती. सूर म्हणजे काय ते आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

हे सगळं सांगायचं कारण असं की नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी माझ्या बायकोसाठी पियानो पारखायला गेलो होतो. त्या दिवशी केलेली चूक अजून माझ्या उरावर आहे.

त्या वर्षी मुलीचं लग्न झालं आणि ती बडोद्याला गेली. घरात आम्ही दोघं उरलो. आमच्या लग्नालाही पंचवीस वर्षं होत होती. मी उदार मनाने विचारलं, "बोल, काय हवं तुला?" मला वाटलं पैठणी म्हणेल, फार तर पाटल्या. ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पियानो."

मी हसलो. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, दोन खोल्यांच्या घरात पियानो! तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि मसाल्याच्या डब्याखालून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून माझ्यासमोर धरलं. "तो मोठा नव्हे. हल्ली विजेवरचे निघालेत. डिजिटल म्हणतात. भिंतीला लागून राहतो. वाशीत दुकान आहे." कात्रणावर तेलाचे डाग होते. ते किती दिवस तिथे होतं, हे मी विचारलं नाही.

तिला पियानो येतो हे मला माहीत होतं, पण शेजारच्या माणसाची गावाकडे जमीन आहे हे जसं माहीत असतं तसं. तिचे वडील गिरगावातल्या एका मिशनरी शाळेत शिपाई होते. शाळेच्या आवारातच त्यांना खोली होती. शाळा सुटली की संगीताच्या बाई या शिपायाच्या मुलीला हॉलमधल्या पियानोपाशी बसवायच्या. फी नाही, काही नाही. आठ वर्षं ती शिकली. लग्न ठरताना मला मात्र सांगण्यात आलं की मुलीला स्वयंपाक, शिवण आणि बऱ्यापैकी पेटी येते. पियानो म्हटलं तर स्थळ बिचकेल म्हणून तिच्या आईने त्याची पेटी करून टाकली होती, हे मला पुढे कधीतरी कळलं. लग्नानंतर मी कौतुकाने माझी पेटी तिच्यापुढे ठेवली. तिने भाता मारून दोन-चार पट्ट्या दाबल्या आणि म्हणाली, "मला एका हाताने नाही हो जमत." मी त्याचा अर्थ एवढाच घेतला की हिला येत नाही. विषय तिथेच संपला, तो पंचवीस वर्षांसाठी.

एवढ्या काळात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू होती. हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं, आणि म्हणूनच मी ठरवलं की नीट पारखून, चार वेळा तपासून सगळ्यात चांगलं वाद्य घ्यायचं. सुरुवात अशी चांगल्या मनानेच झाली.

शनिवारी कारखान्यातून येताना मी फुलस्केप कागद आणला आणि त्यावर तक्ता आखला. डावीकडे अकरा कलमं. सूर किती सेकंद टिकतो, आवाज एकसारखा येतो का, पट्ट्या किती हलक्या आहेत, खाडीच्या दमट हवेत आतलं काही गंजेल का, अशी. "वापरणाऱ्याचे मत" हे अकरावं कलम होतं. प्रत्येक कलमाला दहा गुण. तिने तक्ता बघितला. "हे कशाला? मी बसून बघितलं की मला कळेल ना."

"अगं, आयुष्यभराची वस्तू घेतोय," मी म्हणालो. "भावनेच्या भरात घ्यायची नसते."

ती दुसऱ्या दिवशी नेसायच्या साडीला इस्त्री करू लागली. लग्नकार्यालाच नेसायची ती साडी होती.

दुकान वाशीच्या बाजारात एका गाळ्यात होतं. भिंतीवर गिटारी, खाली तबल्याच्या जोड्या आणि मागच्या अंगाला ही विजेवरची वाद्यं. दुकानदार बोलका होता. "या साहेब, आरामात बघा. टेन्शन नाय, घ्यायलाच पायजे असं काय नाय." अगदी स्वस्त मला नको होतं आणि अगदी महाग परवडणार नव्हतं. मधल्या दर्जाची दोन होती. दोन्ही जपानी, दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नव्हता. त्यामुळे पैसे नव्हते ही सबब मला आज देता येत नाही.

एक लांबलचक तपकिरी, लाकडी पायांवर उभा, खाली पितळी पेडल. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, आवाज मोजून पाच. दुसरं वाद्य काळं, आटोपशीर, शंभर आवाजांचं. आपोआप ताल देणारी बटणं, वर एक छोटा हिरवा पडदा. बायको सरळ तपकिरी पियानोकडे गेली. चप्पल काढून तिने बाजूला ठेवली. बसण्याआधी वाकून पेडलला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला आणि मग त्यावर अनवाणी पाय ठेवला. वाद्याला पाय लागला की आपण नमस्कार करतो, तिने तो आधीच करून घेतला. मग दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून जरा वेळ नुसती बसून राहिली.

तिने काय वाजवलं त्याचं नाव मला माहीत नाही. सुरुवातीला बोटं अडखळली. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. मग ते चालू लागलं. डावा हात खालून काही सांगत होता आणि उजवा त्याला उत्तर देत होता. तिचे कान लाल झाले होते. गिटारीच्या तारा घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक पैसे द्यायचं थांबून ऐकत होतं. पंचवीस वर्षं जिच्या हातचं जेवलो तिचा डावा हात एवढा शहाणा आहे, हे मी पहिल्यांदा बघत होतो. माझ्या छातीत काहीतरी हललं. ते कुठल्या कलमात लिहायचं हे मला समजेना, म्हणून मी स्टॉपवॉच काढलं.

"थांब जरा," मी म्हणालो. मधली एक पट्टी दाबून धरली आणि घड्याळ सुरू केलं. सूर आला आणि लगेच उतरू लागला. मी बोट उचललं नव्हतं, तरी तो जातच होता. थोड्या सेकंदांत काही ऐकू येईना. परत दाबली. या वेळी जरा जोर लागला, तर आवाज मोठा आला. तिसऱ्यांदा हळू दाबली, तर बारीक. एकाच पट्टीचे तीन वेळा तीन आवाज. कारखान्यात एका डब्यातून तीन छटा निघाल्या असत्या तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता.

"सूर मरतोय याचा," मी म्हणालो.

"पियानोचा सूर विरतोच हो," ती म्हणाली. "विरायलाच पाहिजे. नाहीतर पुढचा ऐकू कसा येणार? आणि पेडल दाबलं की राहतो थोडा. हे बघा."

"पाय लावून सूर टिकवायचा म्हणजे कुबडी घेऊन चालण्यासारखं झालं. आणि वाद्याला रोज पाय लावायचा? दसऱ्याला त्याची पूजा कोणत्या तोंडाने करायची?" पायपेटी पायानेच वाजवतात, हे मला तेव्हा सोयीस्करपणे आठवलं नाही.

मी एक-दोन पट्ट्या पुन्हा दाबून बघितल्या. "शिवाय जड आहेत. तुझी बोटं दुखतील."

"जडच असायला हव्यात. बोट जसं टाकू तसा आवाज देतो तो." मग दुकानदाराकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला हाच हवाय."

मी काळ्या वाद्याकडे वळलो होतो. दुकानदाराने ऑर्गनचं बटण लावून दिलं. मी पट्टी दाबली आणि धरून ठेवली. सूर उभा राहिला. दहा सेकंद, वीस, पस्तीस. बोट सोडेपर्यंत जागचा हलला नाही. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तोच. पट्ट्या लोण्यासारख्या. एका बटणाने गाण्याची पट्टी काळी एकची काळी चार होत होती. माझ्या अंगावर काटा आला. ही तर बिनभात्याची पेटी होती. मी उभ्या उभ्या अर्धी गवळण वाजवली. "साहेब, तुमी तर मास्टर निघालात," दुकानदार म्हणाला, आणि माझ्या डोक्यात जे काही उरलंसुरलं भान होतं तेही गेलं.

काउंटरवरच मी बेरीज केली. तपकिरी त्रेपन्न, काळा ब्याण्णव. तिच्या कलमात मी तपकिरीला दहापैकी दहा दिले होते, अन्याय नको म्हणून. शेऱ्यात लिहिलं, "वापरणाऱ्याची पसंती पहिल्यास. तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य नाही." कागद तिला दाखवला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"तुम्हाला कळतं त्यातलं," ती म्हणाली आणि चप्पल शोधू लागली.

काळं वाद्य घरी आलं. हॉलमध्ये खिडकीशी ठेवलं. बिल्डिंगमधल्या बायका येऊन बघून गेल्या. मुलीचा बडोद्याहून फोन आला, "आईला आवडला का?" मी म्हणालो, "शंभर आवाज आहेत त्यात."

पहिले काही आठवडे ती दुपारी बसायची. सुट्टीच्या दिवशी मी ऐकायचो. तिचं वाजवणं कुठेतरी अडायचं. ऑर्गन नको म्हणून ती पियानोचं बटण लावायची, पण हलक्या पट्ट्यांवरून बोटं घसरायची आणि दोन पट्ट्या एकदम लागायच्या. हळू वाजवायच्या जागीही आवाज तेवढाच यायचा. त्यात पट्ट्या एकसष्ट. डावा हात खाली सरकत जायचा आणि पट्ट्या संपून जायच्या. एकदा वाजवता वाजवता तिचा हात कडेवरून निसटून मांडीवर पडला. तो तिने तसाच मांडीवर राहू दिला आणि उजव्या हातानेच पुढचं संपवलं. मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "होईल सवय."

दिवाळीपर्यंत तिने त्याच्यावर भरतकामाचं आच्छादन शिवून घातलं. फार सुंदर होतं ते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते दाखवायचो. ते काढायचो मात्र मीच. संध्याकाळी चहा झाला की बसायचो, ऑर्गनचं बटण लावायचो आणि भजनं घटवायचो. डावा हात सवयीने भाता शोधत हवेत हलायचा. मग मंडळाची बैठकही अधूनमधून आमच्याकडे होऊ लागली. पहिल्या दिवशी फोरमन वाद्याभोवती फिरून म्हणाला, "मस्त आवाज हाय रं! भाता मारायचा तापच नाय." आणि स्वयंपाकघराकडे बघून, "वयनी, तुमी बी वाजवा की काय तरी."

"चहा उतू जाईल," ती आतून म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. तिच्यासाठी घेतलेली वस्तू माझी कधी झाली हे मला कळलंच नाही, असं मी लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. कळलं होतं. गोड लागत होतं म्हणून बोललो नाही.

त्याच सुमारास ती दर मंगळवारी दुपारी वाशीला जाऊ लागली. शिवणाचे दोरे, बाजार, एखादी मैत्रीण, असं काही ना काही कारण असायचं. मंगळवारी संध्याकाळी पानात एखादा पदार्थ जास्त असायचा आणि ती काम करताना स्वतःशी गुणगुणायची. मला वाटायचं, मुलीच्या जाण्यातून बाई सावरली. दोनेक वर्षं हे चाललं. मग मंगळवार एकदम बंद झाले. मी विचारलं तर म्हणाली, "आता काही काम नाही तिथे."

पुढच्या थंडीत सकाळी तिची बोटं वळेनाशी झाली. आधी आम्ही दुर्लक्ष केलं, मग तेल, मग शेक, आणि शेवटी डॉक्टर. संधिवात, तोही लहान सांध्यांचा. डॉक्टर म्हणाले, औषधाने दुखणं आवरेल, पण जे वाकलंय ते सरळ व्हायचं नाही. तिला लाटणं धरवेना. पोळ्यांना बाई लावली. कपाच्या कानात बोट जाईना, म्हणून ती दोन्ही तळव्यांत पेला धरून चहा प्यायची. तक्रार नव्हती. तिच्या या न कुरकुरण्याचं मी चारचौघांत कौतुक करायचो.

अशातच काळ्या वाद्याची एक पट्टी बसली, नेमकी माझ्या 'सा'ची. मंडळाचा सप्ताह तोंडावर आला होता. मी वाद्य रिक्षात घालून वाशीच्या दुकानात नेलं. घेतल्यापासून पहिल्यांदाच जात होतो. दुकानदाराने आधी वाद्य ओळखलं आणि मग मला. "अरे साहेब, तुमी! ताई कशा हायेत? किती दिवस आल्याच नाय."

"कोण ताई?"

"तुमच्या मिसेस ओ. दर मंगळवारी यायच्या ना. मंगळवारी दुपारी आपला धंदा थंडा असतो. एकदा तो ब्राउन पियानो बघत दारात उभ्या होत्या, मीच बोललो, बसा ना ताई. मग येत गेल्या. तास-दीड तास बसायच्या. काय वाजवायच्या साहेब! रस्त्यावरची माणसं थांबायची."

तो बोलत राहिला. तिच्यासाठी त्याने तो पियानो बराच काळ विकायचा टाळला होता. कोणी विचारलं की दुसरं काहीतरी पुढे करायचा. पण धंदा तो धंदा. बेलापूरच्या एका हॉटेलवाल्याने रोख पैसे ठेवले. "त्यांना बोललो, मंगळवारी संध्याकाळी टेम्पो पाठवा, दुपारी नको. ताई आल्या, वाजवलं त्यांनी. मग मी सांगितलं. त्यांनी फडकं मागितलं आणि सगळ्या पट्ट्या एक एक करून पुसल्या. जाताना बोलल्या, तुमचे फार उपकार झाले." मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "साहेब, तुमाला माहीत असेल ना? मला वाटलं तुमीच पाठवता."

"हो," मी म्हणालो. "माहीत होतं."

परक्या माणसासमोर लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. पट्टीचा पार्ट मागवावा लागेल असं तो म्हणाला. मी वाद्य तसंच परत रिक्षात घातलं. नेरूळपर्यंत मी मंगळवार मोजत होतो. उन्हाळ्यातले, पावसातले, मला ताप आला होता तो एक, मुलगी माहेरी आली होती ते दोन. प्रत्येक मंगळवारी ही बाई दुपारच्या उन्हात बससाठी उभी राहून एका अनोळखी माणसाच्या दुकानात जात होती, आणि घरी येऊन मला वाढत होती. आपल्या घरात तिला बसायला जागा नव्हती, आणि ती जागा मी अडवली होती.

घरी आलो तेव्हा ती खुर्चीत बसून कोमट पाण्याच्या टोपात बोटं शेकत होती. मी वाद्य खाली ठेवलं. म्हणालो, "दुकानात गेलो होतो. त्याने सगळं सांगितलं."

तिने मान हलवली. पाण्यात बोटं हळूहळू उघडत-मिटत राहिली.

"मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. मी तिच्यावरच रागावलो, कारण दुसरं कोणी समोर नव्हतं. "दोन वर्षं लोकांच्या दुकानात जाऊन वाजवत बसलीस. एकदा बोलायचंस, मला तो हवाय म्हणून. बदलून आणला असता."

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

एवढंच. टोचून नाही, रडून नाही. खरंच सांगितलं होतं. दुकानात, माझ्या शेजारी बसून, स्पष्ट शब्दांत. मला ऐकू आलं नाही असंही नव्हतं. मी ते लिहून घेतलं होतं, आणि त्याच्या पुढे ग्राह्य नाही असं माझ्या हाताने लिहिलं होतं. माझे डोळे भरून आले. तिच्यासमोर मी कधी रडलो नव्हतो, मला ते कसं करायचं तेही कळेना.

"नवा घेऊ," मी म्हणालो. "उद्याच जाऊ. तू म्हणशील तो. मी एक अक्षर बोलणार नाही."

तिने हात पाण्यातून काढले, पदराला पुसले आणि मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघितलं. सगळी बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती. "आता नको," ती म्हणाली. "आता त्याचं काय करू मी?" मग म्हणाली, "पण एक कराल का? हे घरात वाजवू नका."

"त्रास होतो?"

"माझ्या डोक्यात वाजत असतं ते सगळं. अजून. भाजी निवडताना, नुसतं बसलं तरी. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही तो एक सूर धरून बसता ना, तेव्हा ते त्याच्याखाली बुडतं. मग परत सापडत नाही." ती हे अगदी साधेपणाने सांगत होती, पाणी गार झालं असं सांगावं तसं. "एवढं तरी मला राहू द्या."

मी रोज संध्याकाळी बसत होतो. चार वर्षं. त्याचा हिशेब मला लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते वाद्य शिरवण्याच्या देवळात नेऊन दिलं. फोरमन म्हणाला, "का रं मास्तर, घरला नको?" मी म्हणालो, देवाला दिलं, पट्टीचा पार्ट आला की बसवून घ्या. तो खूश झाला. मी चहालाही न थांबता निघालो.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती खिडकीपाशी, वाद्याच्या रिकाम्या झालेल्या जागेशेजारी खुर्ची ओढून बसली होती. डोळे मिटलेले, हात मांडीवर स्वस्थ. मी आल्याचं तिला कळलं नाही. चेहरा मधूनच ताठ व्हायचा, भुवया वर जायच्या, आणि मग सगळं सैल व्हायचं. एकदा ती थोडीशी हसली. मी दारातच थांबलो. ती आता कुठपर्यंत आली होती, किती बाकी होतं, मला काही समजत नव्हतं. श्वास रोखून मी कान दिले. खाली भंगारवाला ओरडत गेला, शेजारी कुकरची शिट्टी झाली. तिचं संपेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. मला दुसरं काहीच ऐकू आलं नाही.